रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या नाखवाबाई

डॉक्टर मैमुना नाखवा यांनी कुणाचा रिपोर्ट पाकिटात घालून काउंटरवरून नुसता हातात दिला, असं मी कधी पाहिलं नाही. जुन्या पनवेलच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावर त्यांची लॅब होती. जिना अरुंद आणि चढा. वर पोचलेला माणूस धापा टाकत बाकावर टेकला की त्या आतूनच ओरडत, "बसू दे त्यांना. आधी जिना उतरू दे अंगातून, मग रक्त घ्या."

रिपोर्ट न्यायला आलेल्याला त्या आत बोलवत, समोर बसवत आणि दार लोटून घेत. कागद पुढे करायच्या आधी तो स्वतः पुन्हा एकदा वाचत. कानामागे एक पेन्सिल कायम खोचलेली असे, डोक्यावरच्या ओढणीखाली निम्मी झाकलेली. ती काढून कागदावर बारीक खुणा करत. लाल पेन त्यांच्या टेबलावर नव्हतं. "लाल शाई बघून माणूस अर्धा आजारी पडतो," त्या म्हणत. कुणी घाईत असला आणि "बाई, द्या ना, डॉक्टरांना दाखवतो" म्हणाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुमचे डॉक्टर वाशीला. तिथे पोचेपर्यंत हा कागद तुम्ही दहा वेळा उघडणार आणि फोनमध्ये बघून घाबरणार. घाबरायचंच असेल तर समजून घाबरा."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो तोंड लपवतच गेलो. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावरची, डोळ्यांच्या नसा दाबणारी गाठ काढायचं माझं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, डोळे वाचले. पण त्यानंतर मी मीच राहिलो नव्हतो. जासईच्या कंटेनर यार्डात मी सुपरवायझर. पूर्वी उन्हात दिवसभर उभा राहायचो, आता दुपारीच पाय गळून जात. दाढी उगवायची थांबली. आमचा न्हावी वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाला, "मोकलशेठ, आमचं गिऱ्हाईक गेलं म्हणा की आता." सगळे हसले, मीही हसलो आणि त्या दुकानात जायचं सोडलं. घरी बायको सुनीता काही बोलत नसे. ती काही बोलत नाही, हेच जास्त लागायचं.

वाशीच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. चिठ्ठीची चार घड्यांची पुडी करून मी लॅबच्या काउंटरवर सरकवली. तिथे वंदना नावाची मुलगी बसायची. मनाने चांगली, पण आवाज मासळीबाजारातला. तिने चिठ्ठी उलगडली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं विचारलं, "टेस्टोस्टेरॉन? कुणाचं, तुमचंच?"

बाकांवरच्या माना वळल्या. मी जिन्याकडे बघायला लागलो. तेवढ्यात आतून बाई आल्या. उंच, किंचित वाकलेल्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"त्यांचंच. जशी थायरॉइडची असते तशी ही," त्या वंदनाला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाहेर बघा. काय दिसतं?"

"संध्याकाळ झालीये," मी म्हणालो.

"मग या तपासणीचं रक्त मी आत्ता कसं घेऊ? हा हार्मोन सकाळी भरलेला असतो, दिवसभरात उतरतो. उद्या सकाळी या, उपाशी. रात्री झोप नाही लागली तर उद्या येऊच नका, परवा या."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. आकडा कमी आला. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, वाशीला फोन लावला आणि पुन्हा एका सकाळी बोलावलं. तेव्हाही कमीच आला, तेव्हा कुठे मला आत बसवलं.

"हा एक आकडा कमी," पेन्सिल ठेवत त्या म्हणाल्या, "आणि त्याला हुकूम देणारा हा दुसरा, तोही कमी. हुकूम जोरात येत असता आणि काम होत नसतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडे काम करणारे ठीक आहेत. वरून निरोपच येत नाही. ऑपरेशन ज्या ग्रंथीचं झालं, निरोप तीच धाडते. समजलं?"

मी मान हलवली.

"यात तुमच्या मर्दानगीचा काही संबंध नाही, मोकल. एक ग्रंथी थकली. बस्स."

मला एकदम भरून आलं. बाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या उठल्या आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला लागल्या. पाणी बशीतून खाली ओघळलं तरी घालत राहिल्या. माझं नाक पुसून झाल्यावर वळल्या आणि म्हणाल्या, "औषध काय द्यायचं ते वाशीचे डॉक्टर ठरवतील. ते माझं काम नाही. माझं काम एवढंच, की तुम्ही तिथे जाल तेव्हा तुमचं रक्त खोटं बोललेलं नसावं."

मग इंजेक्शनं सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक. दुसऱ्याच इंजेक्शनानंतर मला वाटायला लागलं की कुणीतरी घरातले सगळे दिवे लावले. जिने चढायला लागलो, जेवायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधे द्या. पण मला धीर कुठला? इंजेक्शन घेतलं आणि दोनच दिवसांनी नाखवाबाईंच्या जिन्यावर हजर. आकडा आला तो नॉर्मलच्या पट्टीच्याही वर. मी आत बसलो तो पहिल्या नंबरने पास झालेल्या पोरासारखा.

बाईंनी आकडा पाहिला, मग मला पाहिलं. "इंजेक्शन कधी घेतलंत?"

"परवा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "खाडीत पाणी किती असतं ते मोजायला तुम्ही भरतीलाच गेलात की हो! डॉक्टरांनी कधी सांगितलं होतं?"

"मधल्या दिवसांत. पण बाई, तेव्हा एवढं बरं वाटत नाही. आणि पुढचं इंजेक्शन जवळ आलं की पुन्हा पाय जड होतात, चिडचिड होते."

बाई हसल्या. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते, ते हसताना दिसायचे. "मग हेच वाशीला जाऊन सांगा ना! आकडा मी मोजते. पाय जड कधी होतात, ते माझ्या मशीनला कसं कळणार?"

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर त्या पेन्सिलीने आधीच्या इंजेक्शनची तारीख लिहायच्या. जुने रिपोर्टही मागवून घ्यायच्या आणि पत्ते मांडावेत तसे टेबलावर ओळीने लावायच्या. शेजारचा माणूस, मेहुणा, फोनमधला कुणी पैलवान, यांच्याशी तुलना केलेली त्यांना खपत नसे. "कालचे मोकल आणि आजचे मोकल, एवढेच बघायचे." आणि दुसरं एक वाक्य होतं, ते त्या जवळजवळ प्रत्येकाला सांगायच्या, मधुमेहवाल्याला, गरोदर पोरीला, मला: "आकडा एकटा कधी बघायचा नाही. त्याचे शेजारी बघायचे."

तिथल्याच बाकावर मला रोहन भेटला. कोन गावचा पोरगा, विशीतला, गोदामात कामाला. ओठांवर नुकती मिसरूड फुटत होती आणि तो तिच्यावरून सारखं बोट फिरवायचा. त्या दिवशी वंदनाने सरकारी कार्डावरचं नाव पुकारलं. ते मुलीचं नाव होतं. मी ते इथे लिहीत नाही. दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. रोहन मान खाली घालून बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

बाई दारात आल्या. हातात चिठ्ठी होती. "रोहन, ये बेटा." मग वंदनाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "चिठ्ठीवर डॉक्टरांनी नाव लिहिलंय ना? मग तेच पुकारायचं."

बाहेर आल्यावर दंडाला कापूस दाबून तो माझ्या शेजारी बसला. माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला, "काका, तुमची पन सुयच हाय का?"

"हो. तीच."

"मग आपन एकाच गाडीचे पॅसेंजर," तो म्हणाला, आणि त्याच्या आयुष्याची गोष्ट त्याने मला जिना उतरता उतरता सांगितली. घरी बाप बोलत नव्हता. आई बोलत होती, पण आडून आडून.

ती आई काही महिन्यांनी मी लॅबमध्ये पाहिली. काठाची साडी, कपाळाला मोठं कुंकू, आणि मुठीत चुरगळलेला रिपोर्ट. आदल्या दिवशी बाई लग्नाला गेल्या होत्या. वंदनाने पाकीट तसंच देऊन टाकलं होतं. रोहन मागे उभा होता. आत जायलाही ती थांबली नाही, बाहेरच सगळ्यांसमोर बोलायला लागली.

"डाक्टरीन बाय, या कागदावर लाल लिवलंय. पोरीचं रगत जास्त झालंय. आमी आता ही सुय बंद करतो. नको आमाला."

"आई, गप ना," रोहन म्हणाला.

"तू गप. तुला काय झालं तं मी कोनाला सांगू?"

बाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाकावर, माझ्या शेजारी बसवलं. स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. कागद मांडीवर ठेवून हाताने सुरकुत्या काढल्या.

"हे लाल का झालं सांगते. आमच्या मशीनने कार्ड बघून धरलं की हे बाईचं रक्त. बाईच्या मापाने हिमोग्लोबिन एवढं असलं तर जास्त म्हणतात. पण या सुईचं औषध सुरू झालं की रक्त पुरुषांच्या मापाकडे सरकतं. सरकायलाच हवं. तुमच्या मुलाला आता त्या मापाने मोजायचं. चूक आमच्या कागदाची आहे, त्याच्या रक्ताची नाही."

त्या उठल्या, आत गेल्या. बराच वेळ कॉम्प्युटरवाल्या माणसाशी फोनवर त्यांचा चढा आवाज ऐकू येत होता. मग नवा कागद घेऊन आल्या. त्यावर लाल काही नव्हतं. त्यांनी पेन्सिलीने पुरुषांचं माप दाखवलं, त्याच्या खालची कड, वरची कड, आणि मधोमध बसलेला रोहनचा आकडा.

त्या माउलीला वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही. तिने कागदावर बोट ठेवलं, पेन्सिलीच्या खुणेवर. "म्हंजे पोरीला..." ती थांबली. खाली दुकानात कुणीतरी पातेली एकमेकांवर रचत होतं.

"म्हंजे रोहनला काय नाय ना?" ती म्हणाली.

"काही नाही. पण दर काही महिन्यांनी पाठवत जा. हा आकडा चढतो, तो किती चढतो ते मी बघत राहीन."

"मंग घे बाबा तुजी सुय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि पदर सावरून जिना उतरायला लागली. रोहन बंद पडलेल्या फोनच्या काळ्या काचेवर उगाच बोट फिरवत उभा होता. बाईंनी त्याच्या पाठीत हलकेच थाप मारली. "जा. आईला जिना चढा आहे. हात दे."

चढणारा आकडा काय करू शकतो, ते कळायची पाळी मग माझ्यावर आली.

इंजेक्शनं सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. दाढी परत आली होती, न्हाव्याकडे मी ऐटीत जात होतो. एका सकाळी रक्त देऊन मी यार्डात पोचलो. दुपारी फोन आला. बाई पेशंटला कधी स्वतः फोन करत नसत.

"मोकल, पुढचं इंजेक्शन कधी आहे?"

"उद्या."

"घेऊ नका. घरी जाताना इकडे या."

मी गेलो. सुनीता बरोबर होती, कारण फोनचं कळल्यावर तिला दम निघेना. बाईंनी आधी विचारलं, उन्हात होता का, पाणी किती प्यायलात? रात्री भरपूर पाणी प्या आणि सकाळी परत या म्हणाल्या. सकाळी परत रक्त घेतलं आणि या वेळी मला आत मशीनपाशी नेलं. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत माझं रक्त भरून त्यांनी ती गरगर फिरणाऱ्या चकतीत लावली.

"वंदना, बोट दे."

"माझं कशाला?" वंदना किंचाळली. पण दिलं, आणि तिच्या रक्ताची नळीही चकतीत गेली.

चकती थांबल्यावर त्यांनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. खाली लाल, वर पिवळसर पाणी. वंदनाच्या नळीत लाल निम्म्याहून कमी होतं. माझ्या नळीत ते निम्म्याच्या वर चढलेलं होतं.

"लाल पेशींचा हिस्सा पंचावन्न टक्क्यांच्या वर गेलाय. रक्त घट्ट झालंय, अशात गुठळी होऊ शकते. चेहरा लाल दिसतो, डोकं जड होतं, हो ना?"

"होतं कधी कधी. पण बाई, टेस्टोस्टेरॉन तर अगदी बरोबर आहे. तुम्हीच बघा."

"म्हणून तर त्याचे शेजारी बघायचे!" त्या एकदम चढ्या आवाजात बोलल्या. रागावलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. सुनीताकडे वळून विचारलं, "घोरतात?"

"भयंकर," सुनीता म्हणाली. "आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. मी हलवून जागं करते."

"झोपेत श्वास अडला तरी रक्त घट्ट होतं. हे सांगितलं होतं डॉक्टरांना?"

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मग मी खरं ते बोललो. म्हणालो, "बाई, औषध बंद झालं तर मी परत तसाच होणार. ते दिवस मला नकोत. त्यापेक्षा रक्त घट्ट परवडलं."

बाईंनी नळ्या खाली ठेवल्या. आता आवाज नेहमीचा होता.

"माझे मिस्टर कुवेतला होते. फोनवर म्हणायचे, डोकं जड वाटतं. मी इकडून गोळीचं नाव सांगायचे. त्यांचं रक्त कुणी बघितलं नाही. दिवसाला शंभर लोकांचं बघणारी मी, मीसुद्धा नाही. ते तिकडेच गेले." त्यांनी ओढणी नीट केली. "औषध कायमचं बंद होणार असं कुणी सांगितलं तुम्हाला? कमी करतील, बदलतील, थांबून परत देतील. रस्ते असतात, मोकल. रस्त्यावर राहायला हवं फक्त. आजच जा वाशीला. मी बोलते त्यांच्याशी."

सुनीताने माझा दंड धरला तो वाशीपर्यंत सोडला नाही. इंजेक्शन थांबलं. झोपेची तपासणी झाली, झोपताना नाकावर लावायचं मशीन घरी आलं. मधले काही महिने पुन्हा पाय जड झाले, पण या वेळी सुनीता बोलत होती आणि मीही बोलत होतो. लाल हिस्सा खाली उतरला तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनाऐवजी अंगाला लावायचं जेल दिलं, आणि जेलच्या पहिल्याच रिपोर्टात आकडा असा आभाळाला भिडला की कुणालाही घाम फुटावा. बाईंनी तो कागद बाहेर जाऊच दिला नाही. मला बोलावून विचारलं, "जेल कुठे लावता?"

मी शर्टाची बाही वर केली. "इथे, हातावर. सकाळीसुद्धा लावून आलो होतो."

"आणि वंदनाने सुई कुठे टोचली?"

मी बोट ठेवलं ती जागा तीच होती. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आम्ही तुमचं रक्त नाही, तुमची जेलची ट्यूब तपासली!" दुसऱ्या सकाळी जेल न लावता बोलावलं, दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. आकडा अगदी गरीब गाईसारखा पट्टीच्या मधे येऊन उभा राहिला.

पुढे ती इमारत पाडायची ठरली आणि बाईंनी लॅब बंद केली. आता रिपोर्ट फोनवर येतो. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या असतात. मी ते ओळीने लावतो, शेजारी बघतो. रोहनही त्याचे मला पाठवतो आणि विचारतो, "काका, बराबर हाय ना?" मी सांगतो आणि म्हणतो, डॉक्टरांनाही दाखव. गेल्या वर्षी बाई गेल्याचं मला त्यानेच कळवलं. मातीला तो गेला होता. त्याची आई कब्रस्तानाबाहेर रस्त्यावर उभी राहिली होती, असं म्हणाला.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्याच्या थोडं आधी, नवीन पनवेलच्या एका मोठ्या तपासणी केंद्रात. गार एसी, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा. त्या भाचीबरोबर कोपऱ्यात बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. मी जवळ गेलो तर लगेच ओळखलं नाही, मग चेहरा उजळला. नंबर लागला तेव्हा भाची बिल भरायला गेली होती, म्हणून मीच त्यांना आत नेलं. रक्त घेणाऱ्या मुलीला त्या कोण हे ठाऊक नव्हतं. तिने "आजी, उपाशी आहात ना?" विचारलं, आणि बाईंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

सुई जवळ आली तशी त्यांनी तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले, आणि मोकळा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. मी माझा हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला. माझी बोटं दुखतील इतका घट्ट.

"झालं, आजी," ती मुलगी म्हणाली.

त्यांनी एक डोळा उघडला.

"बाई," मी हळूच विचारलं, "तुम्हाला सुईची भीती वाटते?"

"लहानपणापासून," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जन्मभर सुईच्या दुसऱ्या बाजूला बसले."

आणि ते चढलेले दोन दात दाखवत हसल्या. रक्त घेऊन झालं होतं, कापूस लावून झाला होता. माझा हात मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता.